वनपालाची अमानत
(लोहगडवाडी येथे भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आजचा मेळावा सभागृहात न घेता लोहगडाच्या पायथ्याशी घेतल्याबद्दल प्रथम मी संस्थाचालकांचे अभिनंदन करतो. त्यांनी मला विषयही जागेला साजेसा दिला आहे : वनपालाचे जीवन. डॉक्टर, इंजिनिअर, वकील यांच्याविषयी आपल्या मेळाव्यांतून पुष्कळ बोलले जाते. मुलगा पोलिसात भरती झाला तर मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. पण कोणी "माझा मुलगा फॉरेस्टात लागला" म्हटले, की समोरचा विचारतो, "तिथे काय काम असते? झाडे मोजायची का?" या प्रश्नाचे नीट उत्तर द्यावे, आणि ही नोकरी आपल्या दीनच्या शिकवणीशी, आपल्या घरसंसाराशी आणि आपल्या समाजाशी किती जवळची आहे हे आपल्यासमोर मांडावे, एवढाच माझा हेतू आहे.

आधी शब्द समजून घेऊ. जंगलाचा सर्वांत लहान भाग म्हणजे नियतक्षेत्र, ज्याला बोलताना आपण बीट म्हणतो. ते वनरक्षकाकडे असते. अशी काही नियतक्षेत्रे मिळून परिमंडळ होते, आणि त्याचा प्रमुख तो वनपाल. इंग्रजी आमदानीपासून लोक त्याला फॉरेस्टर म्हणतात. काही परिमंडळांचे मिळून वनपरिक्षेत्र होते व ते वनक्षेत्रपालाकडे, म्हणजे रेंजरकडे असते. कागदावरचे हुकूम वरून येतात, जंगलातली खबर खालून येते, आणि या दोहोंच्या मध्ये वनपाल उभा असतो. गावकरी ओळखतात ते त्यालाच. भांडतात ते त्याच्याशी आणि अडीअडचणीला हाक मारतात तीही त्यालाच.

आता तो राखतो काय, ते पाहा. आपण बसलो आहोत त्या लोहगड-विसापूरच्या रांगेच्या एका अंगाला इंद्रायणीचे खोरे आहे आणि दुसऱ्या अंगाला पवनेचे. येथे पडणाऱ्या पावसाचा एक थेंब गायमुख खिंडीच्या अलीकडे पडला तर देहू-आळंदीच्या वाटेने जातो, पलीकडे पडला तर पवना धरणात जातो. पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते ते पाणी पवनेचे. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे पिंपरी, चिंचवड, कासारवाडीकडे राहतात. तुम्ही सकाळी वुजूसाठी नळ सोडता तेव्हा या डोंगराचा पाऊस तुमच्या हातावर पडत असतो. उतारावरची कारवी, जांभूळ, अंजनी, हिरडा, ऐन यांची मुळे माती धरून ठेवतात, म्हणून पाणी जमिनीत मुरते आणि धरणात गाळ कमी जातो. झाडे गेली की पाऊस तेवढाच पडतो, पण तो माती घेऊन पळतो. वनपालाची राखण नुसत्या लाकडाची नाही, शहराच्या हंड्याची आहे, ती अशी.

त्याचे वर्ष कसे जाते? पावसाळ्यात रोपे लावायची. त्याआधी रोपवाटिकेत पिशव्या भरून ती वाढवलेली असतात आणि उतारावर समतल चर खणलेले असतात. दिवाळीनंतर गवत वाळू लागले की जाळरेषा काढायच्या, म्हणजे गवत कापून किंवा आधीच जपून जाळून मोकळा पट्टा ठेवायचा, त्यामुळे वणवा आला तर तेथे अडतो. फेब्रुवारीपासून वळवाचा पाऊस येईपर्यंत डोळ्याला डोळा नाही. कोणी गवत जोमाने फुटेल या समजुतीने काडी लावतो, कोणी सहलीला येऊन चूल तशीच पेटती टाकून जातो. वणवा लागला, की हिरव्या फांद्यांचे झोडपे घेऊन वनपाल, वनरक्षक आणि बोलावले तर येणारी गावची पोरे रात्रभर आग झोडपत चढ चढतात. ज्याने रमजानात रोजा धरून हे काम केले असेल, त्याच्या घशाची कोरड तुम्हा-आम्हाला कळणार नाही. शिवाय चोरतोडीचा पंचनामा, जप्त लाकडाचा हिशेब, बिबट्याने वासरू मारले तर त्याच्या नुकसानभरपाईचे कागद, कोर्टाच्या तारखा, हे सारे असतेच.

परंतु मित्रांनो, या कामातला सर्वांत अवघड भाग ना वणव्याचा आहे, ना बिबट्याचा. तो आहे न्यायाचा. मावळ हा भाताचा मुलूख. भाताचे रोप टाकण्यापूर्वी शेतकरी राब भाजतो. झाडाच्या फांद्या, पालापाचोळा, शेण, गवत वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळले, की रोपे जोमदार येतात. त्यासाठी फांद्या हव्यात, आणि फांद्या जंगलात. आता वनपालाने काय करावे? दहा गुंठ्यांच्या खाचरासाठी फांद्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतरणारी म्हातारी आणि रात्री ट्रक लावून खोडेच्या खोडे नेणारा मालदार, कायद्याच्या पुस्तकात दोघेही एकाच ओळीत बसू शकतात. माणसाच्या मनात मात्र त्यांना वेगळे करावे लागते. हा भेद ज्याला करता आला तो वनपाल. ज्याला करता आला नाही तो म्हातारीचा भारा जप्त करतो आणि ट्रक निघून जाऊ देतो.

हा पेच आजचा नाही. जंगलखात्याचा उगम शोधू गेले तर तो आपल्या पुणे जिल्ह्याजवळच सापडतो. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल तुटले की झरे आटतात हे त्यांनी सरकारला लिहून कळवले होते. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला. राखीव जंगलाच्या हद्दी पडल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जेथून सरपण आणले तेथे पाऊल टाकणे गुन्हा ठरला. राबाचा वाद तेव्हापासूनचा. वनपाल म्हणजे दंड करणारा, कोंबडी मागणारा, अशी जी प्रतिमा खेड्यापाड्यांत बसली ती त्या काळाची देणगी आहे. स्वातंत्र्यानंतरही ती लगेच पुसली गेली नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगलालगतच्या लोकांच्या गरजांना प्राधान्य द्यावे असे म्हटले आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्यांचे हक्क मान्य केले. पण कागदावरचा हक्क दारापर्यंत पोहोचवणारा माणूस पुन्हा तोच असतो.

अशा माणसाने आदर्श कोणाचा ठेवावा? बंधुभगिनींनो, येथे मी तुम्हाला आपल्या इतिहासातले एक नाव सांगतो. आपल्या मुलांना सेनापतींची नावे पाठ असतात, हे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते. ते नाव आहे हुनैय. पैगंबर साहेबांनी मदिनेभोवतीचा परिसर हरम ठरवला, तेथील झाडे तोडण्यास व शिकार करण्यास मनाई केली, आणि नकी येथील कुरण राखून ठेवले. अशा राखीव कुरणाला अरबीत हिमा म्हणतात. हजरत उमर खलिफा झाले तेव्हा त्यांनी एका हिमावर आपल्या या हुनैय नावाच्या मुक्त केलेल्या गुलामाला नेमले. सहीह बुखारीत याची हकीकत आली आहे. ती मी माझ्या शब्दांत सांगतो.

नेमताना खलिफांनी त्याला बजावले, की लोकांशी नरमाईने वाग आणि ज्याच्यावर जुलूम झाला त्याच्या बददुआला भी, कारण ती कबूल होते. ज्याच्याकडे थोडे उंट, थोड्या शेळ्या आहेत त्याला आत येऊ दे. पण अब्दुर्रहमान बिन औफ आणि उस्मान बिन अफ्फान यांच्या कळपांपासून सावध राहा. हे दोघे कोण होते ते लक्षात घ्या. हे पैगंबर साहेबांचे निकटचे साथी आणि मदिनेतील धनवान गृहस्थ, आणि त्यांपैकी हजरत उस्मान तर पुढे स्वतः खलिफा झाले. तरी त्यांच्या जनावरांना मुभा नाही. कारणही खलिफांनी सांगितले. या दोघांची जनावरे मेली तर त्यांना शेती आहे, खजुराच्या बागा आहेत. गरिबाची चार जनावरे मेली तर तो पोरेबाळे घेऊन माझ्या दाराशी येईल. मग मी त्याला वाऱ्यावर सोडू काय? त्याला सोने-चांदी देण्यापेक्षा गवत आणि पाणी देणे मला सोपे आहे. आणि पुढे खलिफांनी हेही मान्य केले, की ही जमीन मुळात या लोकांचीच आहे. सार्वजनिक कामाची जनावरे राखायची नसती, तर त्यांच्या जमिनीतली वीतभर जागाही मी राखून ठेवली नसती.

चौदाशे वर्षांपूर्वीची ही नेमणूक आहे. यात राखीव जागा आहे, तिचा राखणदार आहे, गरिबाला मुभा आहे, श्रीमंताला मनाई आहे, आणि जमिनीवर पहिला हक्क लोकांचा आहे ही कबुली आहे. म्हातारीचा भारा आणि मालदाराचा ट्रक यांतला भेद करण्यासाठी वनपालाला यापेक्षा स्पष्ट नियम कोणता हवा? आणि हे काम खलिफांनी कोणा सरदाराला दिले नाही. एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाला दिले, कारण गरिबाची कळ त्याला ठाऊक होती. अमानत म्हणतात ती हीच. दुसऱ्याची वस्तू आपल्या ताब्यात आहे, ती आपली नाही, आणि तिचा हिशेब द्यायचा आहे.

झाडाविषयी आपल्या हदीसांत जे आले आहे ते आपण लहानपणापासून ऐकतो. लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने वा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका म्हणून लिहिले जाते. हातात रोप असताना कयामत आली तरी, जमले तर ते लावून टाकावे. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये. आपण हे जुम्म्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन विसरतो. वनपालाला विसरता येत नाही, कारण तेच त्याचे रोजचे काम आहे. त्याच्या हातून एका पावसाळ्यात जितकी रोपे मातीत जातात, तितकी आपल्या साऱ्या मोहल्ल्याच्या हातून जन्मभरात जात नाहीत. कामाच्या वेळी नमाजची वेळ झाली तर त्याला मशीद शोधावी लागत नाही. सारी जमीन सजद्यासाठी पाक आहे, पाणी नसेल तर तयम्मुमची सवलत आहे. खांद्यावरचा पंचा अंथरला की झाले. शेजारी त्याचा हिंदू सहकारी सावलीला भाकरी सोडून बसलेला असतो आणि नमाज होईपर्यंत तो घासाला थांबतो. जंगलात हे सहज घडते. वणव्यासमोर दोघांनी एकमेकांचा जीव राखलेला असतो.

आता कुटुंबाकडे वळू. येथे दोन थोर माणसांची उदाहरणे देतो. दोघेही महाराष्ट्राचे, आणि दोघांच्याही आयुष्याची वाट घरातल्या वडीलधाऱ्यांनी मोकळी केली.

पहिले मारुती चितमपल्ली. १९३२ मध्ये सोलापुरात एका तेलुगू भाषिक घरात त्यांचा जन्म झाला. आई आणि मामा यांच्याकडून त्यांना रानाची पहिली ओळख झाली. दयानंद कॉलेजात शिकून ते कोईमतूरच्या वन महाविद्यालयात गेले आणि महाराष्ट्राच्या वनखात्यात आले. कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत त्यांनी नोकरी केली. नोकरी तर पुष्कळांनी केली. चितमपल्लींनी गोंड, ढिवर, गुराखी, जुने शिकारी यांना गुरू मानले, त्यांच्या तोंडचे शब्द वह्यांत उतरवून घेतले, संस्कृत शिकून जुन्या ग्रंथांतील पशुपक्ष्यांची नावे ताडून पाहिली. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असे शब्द त्यांनी मराठीला दिले. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. घरची भाषा तेलुगू असलेला हा वनाधिकारी मराठी भाषेचा धनी झाला. घरात उर्दू वा दखनी बोलतो म्हणून मराठीत मागे पडतो, असे सांगणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरे डॉ. सलीम अली. ते वनखात्यात नव्हते, पण या देशातले वनाधिकारी त्यांची पुस्तके हातात धरून पाखरे ओळखायला शिकले. १८९६ मध्ये मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढलेले. पोराने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिचा गळा पिवळा निघाला. पोराने विचारले, ही कोणती? मामांना सांगता येईना. येथे आपल्यापैकी कितीजण म्हणाले असते, "जा, अभ्यास कर!" मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. पुढचा सारा इतिहास त्या पाठवणीतून घडला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून त्यांना झूलॉजिकल सर्व्हेतली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही. म्युझियममधली नोकरी गेली तेव्हा ते किहीमला जाऊन राहिले आणि १९३० च्या सुमारास तेथेच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास त्यांनी केला. त्या काळात पत्नी तहमीना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले, त्याच वर्षी मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या निधीला देऊन टाकली. १९८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन्ही घरांत मामा होता, हा योगायोग असेल. पण पालकांनो, मुलाच्या प्रश्नाला उत्तर ठाऊक नसताना त्याला गप्प न बसवता ठाऊक असलेल्या माणसाकडे पाठवणे, हे आपल्यापैकी प्रत्येकाला जमण्यासारखे आहे. त्याला पैसा लागत नाही.

कुटुंबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धेच चित्र दाखवले असे होईल. वनपालाला गावाबाहेरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहावे लागते. दर काही वर्षांनी बदली. चौथीपर्यंत शाळा असते, पुढे नसते. मग मूल आजीकडे, मावशीकडे, तालुक्याला. ईदच्या दिवशी सारे घर जमलेले असते आणि हा वणव्यावर असतो. जिवाचा धोकाही खरा आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरणारी एक तरुण महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. तिच्या हाती जनावराशी लढण्याचे काम नव्हते, खुणा मोजून लिहायचे काम होते. देशात ११ सप्टेंबर हा वनशहीद दिन पाळला जातो, त्या दिवशी अशा माणसांची आठवण करतात. म्हणून, मुलाला या वाटेने पाठवताना घरच्यांनी आधी स्वतःचे मन तयार करावे. वनपालाच्या नोकरीत त्याचे सारे घर नोकरी करीत असते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या कामाचे सांगतो. बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी विषय घेऊन पास झालेला विद्यार्थी वनरक्षकाच्या भरतीला बसू शकतो. लेखी परीक्षा असते आणि धावण्याची चाचणी असते : मुलांना पाच किलोमीटर, मुलींना तीन किलोमीटर. वनरक्षक पुढे बढतीने वनपाल होतो. पदवी घेतल्यावर राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून थेट वनक्षेत्रपाल किंवा सहायक वनसंरक्षक होता येते. आणि विज्ञान, शेतकी किंवा इंजिनिअरिंगची पदवी असेल तर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सेवेचा दरवाजा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने उघडतो. नियम बदलत असतात, म्हणून जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव गोष्टीवर राहू नका. मुलींना मी मुद्दाम सांगतो, आज महाराष्ट्राच्या जंगलांत मुली गणवेश घालून बीट सांभाळत आहेत. आपल्या मुली त्यात का नसाव्यात?

आणि ज्यांना खात्यात जायचे नाही त्यांनीही दोन गोष्टी कराव्यात. एक, डोंगरावर आलात तर चूल विझवून, कचरा पोत्यात भरून परत न्या. २०२५ मध्ये लोहगडासह मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. येणाऱ्यांची रीघ वाढणार आहे, आणि त्यांच्यामागे साफसफाई करायला वनरक्षक एकटाच असेल. दुसरी गोष्ट संस्थेच्या चालकांना नम्रपणे सांगतो. डोंगरातल्या वाड्यांची आणि वनकर्मचाऱ्यांची मुले चौथीनंतर अडतात. त्यांच्यासाठी आपल्या वसतिगृहात दोन-चार जागा, जातधर्म न विचारता, राखून ठेवाव्यात. जो आपल्यासाठी पाणी राखतो त्याच्या मुलाची शाळा आपण राखली, तर देण्याघेण्याचा हिशेब थोडासा तरी जुळेल.

हुनैयला मोठी पदवी नव्हती. इतिहासात त्याचे नाव राहिले ते एका कुरणामुळे, आणि त्याला मिळालेल्या त्या ताकिदीमुळे. गरिबाची चार जनावरे आत येऊ दे, श्रीमंताचा कळप अडव, आणि मजलूमच्या बददुआला भी. आपल्या मुलांपैकी एखाद्याने उद्या या डोंगरात वनपाल म्हणून उभे राहावे आणि ही ताकीद पाळावी, एवढी दुआ करतो आणि माझे भाषण संपवतो.

खुदा हाफिज. जयहिंद, जय महाराष्ट्र.